चाकांखालची चार लिंबं

विलास,

उतारापुढे सगळी लेकरं समान असतात.

हे वाक्य माझं नाही. तुझ्या गावात दर जुलैत चर्चसमोरच्या रस्त्यावर, या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेल्या कापडावर ते लिहिलेलं असायचं. शर्यत सुरू होण्याआधी समितीचे लाल कोटातले डेल छातीवर हात ठेवून ते एकदा म्हणूनही दाखवायचे. त्यानंतर लेकरांचं वजन होई. मग गाड्यांचं. मग लेकरांना गाड्यांत बसवून दोघांचं एकत्र. मग अकरा पानी नियमावलीप्रमाणे तपासणी, मग वयाचे गट, मग वजनाचे. एवढं झाल्यावर जी समानता उरे, ती उतारावरून सोडून देत.

तू कसा गेलास, किती वाजता, शेवटचं काय खाल्लंस, हे सगळं आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपमेलवर आलं आहे. त्यात तुला 'दिलदार' म्हटलं आहे. मी उत्तर लिहायला बसलो होतो. तुझं ड्रिल मशीन आजवर ज्याला घरी नेऊ दिलंस अशा एका तरी माणसाने हात वर करावा, असं लिहिणार होतो. मग वहिनी तो मेल वाचतील हे लक्षात आलं आणि 'भावपूर्ण' एवढंच लिहून पाठवलं. कसलं भावपूर्ण, ते लिहायचं राहिलं. त्याला तिघांनी 'सेम हिअर' म्हणून उत्तर दिलं.

तुला 'तू' म्हणूनच लिहितो आहे. मेलेल्या माणसाला एकदम 'तुम्ही' म्हणण्याची पद्धत मला कळत नाही. बढती मिळाल्यासारखं वाटतं.

मिशिगन सपाट आहे. एवढं सपाट की ज्या गावाला टेकडी असेल, ते गाव तिचं काहीतरी करतंच. तुझ्या गावाने शर्यत केली. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांनी लाकडाची गाडी बनवायची, तिला इंजिन नको, पेडल नको, ढकलणं नको. वर फळी पाडली की गाडी सुटते आणि खाली जाते. कोस्टर कार म्हणतात. तू मात्र पहिल्या दिवसापासून तिला शंकरपट म्हणालास. वर्ध्याकडच्या गावात बैलांचे पट बघत वाढलेला माणूस तू. तुझ्या लेखी जगातली प्रत्येक शर्यत ही बैल कमी असलेला शंकरपटच होता.

ट्रॉय शहरातलं घर विकून तासभर लांब त्या गावात राहायला गेलास तेव्हा आम्ही सगळ्यांनी विचारलं, कशासाठी? शाळा चांगली आहे, असं तू मंडळाला सांगितलंस. मला खरं सांगितलंस.

"तिथं उतार हाय ना बे."

तू ब्रेकवाला. सकाळी नऊ ते सहा ट्रॉयच्या ऑफिसात गाड्या थांबवण्याचा पगार घ्यायचास आणि घरी येऊन गॅरेजमध्ये न थांबणारी गाडी बांधायचास. मी एकदा हा विनोद केला तर तू गंभीर झालास. म्हणालास, "थांबवायचं कसं ते ज्याले माहीत, त्यानंच सोडावं." असली वाक्यं तू हातात पाना असताना बोलायचास, म्हणून ती सहन होत.

त्या गॅरेजमध्ये मी शनिवारी येऊन स्टुलावर बसायचो. काम तू आणि ऋजू करायचात. म्हणजे तुझी ऋजुता, तेव्हा बारा वर्षांची, दातांना तारा, कपाळावर गॉगल ढकललेला. तू मराठीत सांगायचास, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि पॉलिशपेपर दोघांच्या हातात फिरायचा. तुमचं एवढं बोलणं मी दुसरीकडे कुठेही ऐकलं नाही. जेवणाच्या टेबलावर ती हेडफोन लावून असायची आणि तू पेपर. गॅरेजमध्ये मात्र, "बाबा, हँड मी द थिन वन," "थिन म्हणजे कोणता, नंबर सांग," असं दोन-दोन तास. माझं काम वाद घालण्याचं होतं. गाडीत घालायचं जादा वजन तू मागे ठेवावं म्हणायचास आणि मी पुढे.

"मागं वजन असलं तं ते जास्त उंचीवरून खाली येते," तू म्हणायचास. "साधं हाय. तुले फिजिक्स कोणी शिकवलं?"

"आणि वळणावर शेपूट उडालं म्हणजे?"

"वळण कुठंय राजा? सरळ उतार हाय. तू पुण्याचा हायेस म्हणून तुले सगळीकडं वळण दिसते."

मला फिजिक्स फारसं येत नाही. पुढे म्हणण्याचं कारण, तू मागे म्हणत होतास, एवढंच होतं.

त्या वर्षीचं सगळं मला लिहायला हवं. पुढच्याच महिन्यात अर्ध्या अमेरिकेची वीज गेली होती, ते वर्ष. आधीच्या उन्हाळ्यात ऋजू पहिल्याच फेरीत बाहेर गेली होती आणि चौदा पूर्ण झाल्यावर शर्यत बंद, त्यामुळे तिच्या हातात दोनच संधी होत्या. तिने महिनाभर भिंतीवर कॅलेंडर लावून दिवस खोडले. गाडीला नाव काय द्यायचं यावर तुमचं भांडण झालं. तू 'सर्जा' म्हणालास, ती म्हणाली, "नोबडी कॅन से दॅट," तू म्हणालास, "ऋजुता कोणाले म्हणता येते?" नाव शेवटी कुठलंच दिलं नाही.

शर्यतीच्या सकाळी मी ट्रॉयहून सातला पोचलो. तू आत हेल्मेट शोधत होतास. गाडी गॅरेजच्या दारात, व्हॅनमध्ये चढवायची बाकी. कुंदावहिनी मागच्या दाराने आल्या, पदराआड काहीतरी धरून. अमेरिकेत त्या एरवी सलवार-कमीज घालायच्या; त्या दिवशी साडी होती, म्हणजे आड धरायला पदर लागणारच होता.

"भावजी, ही चार लिंबं. चारी चाकांखाली ठेवा आणि गाडी पुढे ढकला. हे नाही म्हणतात."

"का नाही म्हणतो?"

"म्हणे टायरला काही लागता कामा नये. दसऱ्याला व्हॅनखाली ठेवतात तेव्हा नाही काही म्हणत."

"वहिनी, तुम्ही मला सांगताय? मला?"

तुला आठवत असेल, आदल्याच वर्षी मंडळाच्या अंकात मी अंधश्रद्धेवर सहा पानांचा लेख लिहिला होता. तू मला त्यानंतर 'ओ बुद्धिवादी' अशीच हाक मारायचास, तीही दुकानात, लोकांसमोर.

वहिनी म्हणाल्या, "तुमचा विश्वास नाहीच ना? मग तुम्हाला ठेवायला काय हरकत आहे? हरकत विश्वास असणाऱ्याची असते."

मी बरंच वाचलं आहे, पण या युक्तिवादाला उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही. मी लिंबं घेतली.

आता हे तुला सांगायला हवं होतं असं तांत्रिक प्रकरण आहे. आपलं कागदी लिंबू असतं तर चाक लागताच पचकन फुटून मोकळं झालं असतं. पण वहिनींनी आणली होती इथली सुपरमार्केटमधली, पिवळी, मोसंब्याच्या जातीची वाटावीत अशी जाड सालीची. आणि तुझी गाडी हलकी, बारीक चाकांची. मी ढकललं तर गाडी लिंबांवर चढेना. ती लिंबांसकट घरंगळू लागली. मग मी गाडीवर पोट टाकून आडवा झालो आणि माझं वजन वापरलं. चारही लिंबं एकदम फुटली. टायरवर, आऱ्यांवर, माझ्या बोटांवर, सगळीकडे रस. सालं मी उचलून कुंपणाच्या झुडपात टाकली. चाकं पुसावीत हे मला सुचलं नाही. विधीत पुसण्याचा भाग असतो का हे ठाऊक नव्हतं, आणि विचारायला वहिनी निघून गेल्या होत्या. एवढ्यात तू हेल्मेट घेऊन आलास आणि म्हणालास, "आज लवकर उठला बे पुण्याचा माणूस." आपण गाडी व्हॅनमध्ये चढवली.

सोहळा तुला पाठ होता, तरी मला लिहायला आवडेल. अग्निशमन केंद्रात पॅनकेकची न्याहारी. शाळेचा बँड, त्यात ट्रॉम्बोन दोन आणि सूर त्याहून जास्त. इराकच्या युद्धाचं पहिलं वर्ष, म्हणून झेंडे नेहमीच्या तिप्पट. राष्ट्रगीत. डेलचं भाषण; हे डेल एरवी हार्डवेअरचं दुकान चालवायचे आणि वर्षातून एक दिवस लाल कोट घालून समितीचे अध्यक्ष व्हायचे. त्या कोटात त्यांची चालही बदलायची. मग पाद्रीबुवांनी सगळ्या गाड्यांवरून हात फिरवत प्रार्थना केली की या चाकांचं रक्षण कर. मी तुझ्या कानात म्हणालो, "हेच आपण केलं तर अंधश्रद्धा."

तू म्हणालास, "चूप. आपली पोरगी रांगेत हाय."

आता मी एवढंच म्हणेन, प्रार्थनेने टायरला वास येत नाही, हा त्यांचा फायदा आहे.

ऋजू पहिली फेरी जिंकली. निवेदक तिला 'रजूटा' म्हणाला, दुसरी फेरी जिंकल्यावर 'राहुटा' म्हणाला, आणि उपांत्य जिंकल्यावर त्याने सरळ 'द लिटल गर्ल इन ग्रीन' असा मार्ग काढला. गवताच्या गंज्यांमधून ती हिरवी गाडी खाली येताना मी तुला पाहत होतो. बाकीचे बाप ओरडत होते. तू मूठ उघडत होतास, मिटत होतास. ती खाली थांबायला आली की दर वेळी तुझा उजवा पाय पुढे सरकायचा. जिथे ब्रेक असतो तिथे.

अंतिम फेरीआधी पुन्हा तपासणी होती. तपासनीस म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. ते हातमोजे घालून, दांड्याचा छोटा आरसा घेऊन गाड्यांखाली बघायचे, आणि बघताना मुलांना सवयीने 'तोंड उघड' म्हणतील असं वाटायचं. ऋजूच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी ते थांबले. कापसाचा बोळा फिरवला. हुंगला. दुसऱ्या चाकाशी गेले. हुंगला. मग त्यांनी डेलना हाक मारली आणि डेलनीही हुंगला.

टायरचं रबर फुगवून वेग वाढवण्यासाठी लिंबाच्या सालीच्या तेलाची द्रावणं काही हुशार बाप लावतात, हे मला त्या दिवशी कळलं. नियम नऊ: टायरला कुठलाही पदार्थ लावता येणार नाही. आणि आपल्या रंगाच्या माणसाने तंबूत उभं राहून 'पदार्थ' या शब्दाचा खुलासा करण्याचे ते दिवस नव्हते.

तंबूत तीन घडीच्या खुर्च्या, त्यांवर समिती. तू उभा. ऋजू तुझ्या शेजारी, हेल्मेट काखेत. मी दोन पावलं मागे, हातात पॅनकेकची कागदी ताटली.

"सर," डेल म्हणाले, "तुमच्या टायरना लेमन पायसारखा वास का येतो आहे?"

तू वळून चाकांकडे पाहिलंस. मग खाली वाकलास आणि स्वतः हुंगलास. त्या दोन-तीन सेकंदांत तुझ्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं आहे. आधी इंजिनिअरला आश्चर्य वाटलं. मग नवऱ्याला कळलं. मला वाटलं, तुला कळलं.

"इट इज अ कस्टम," तू म्हणालास. "लेमन अंडर द व्हील."

"कशासाठी?"

तीस-तीस पानांचे ब्रेकचे अहवाल इंग्रजीत लिहिणारा तू. पण 'दृष्ट' या शब्दाचं इंग्रजी तुला कधी लागलंच नव्हतं. तू शब्दाला शब्द ठेवलास. म्हणालास, "फॉर बॅड साइट."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. दातांचे डॉक्टर ऋजूचा फॉर्म काढून वाचू लागले. "यात लिहिलंय दृष्टी उत्तम."

"नो, नो. नॉट हर साइट. अदर पीपल्स."

"म्हणजे प्रेक्षकांना नीट दिसत नाही?"

ऋजूने हेल्मेट घातलं. तंबूत, उभ्याउभ्या. काच खाली केली.

"लिंबं गाडीखाली कोणी ठेवली?" डेलनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी सगळ्या तंबूला विचारला होता.

मी ताटली खाली ठेवली. तोंड उघडलंही असेल. पण मला त्या क्षणी मंडळाच्या अंकातली सहा पानं दिसत होती, पाठपोट.

तू म्हणालास, "आय डिड."

गाडी बाद झाली. हे लोक वाईट नव्हते. नियम नियम होता आणि टायरला खरोखरच पदार्थ लागला होता. ऋजूला खिलाडूवृत्तीची निळी फीत दिली, जिच्यावरचं तिचं नाव पुन्हा वेगळं होतं. परतताना व्हॅनमध्ये ती मागच्या सीटवर गाडीला टेकून बसली. काच अजून खालीच. एकदाच बोलली.

"यू सेड नथिंग शुड टच द टायर्स. यू सेड. अँड देन यू डिड दॅट."

तू आरशात पाहिलंस आणि म्हणालास, "हाव. चुकलं माझं."

व्हॅनमध्ये आपण चौघं होतो. त्यांपैकी दोघांना खरं माहीत होतं आणि दोघंही खिडकीबाहेर मका बघत होती. वहिनींना वाटलं असेल मी बोलेन. मला वाटलं, या बोलतील. मिशिगनमध्ये मका पुष्कळ आहे.

मग ती गॅरेजमध्ये यायची थांबली. पुढच्या वर्षी शर्यतीला उतरली नाही. तू गाडी दोरांनी छताला टांगून ठेवलीस. मी शनिवारी यायचो, स्टुलावर बसायचो, आणि तू एकटाच काहीतरी घासत असायचास. वजन मागे की पुढे, यावर आपण वाद घालायचो, पण आता खाली गाडी नव्हती. तुमचे ते दोन-दोन तास मी घालवले, हे माझ्या मनात पक्कं बसलं. पाच वर्षं. या कबुलीचे माझ्याकडे तीन मसुदे आहेत. त्यातल्या एकात संस्कृत सुभाषित आहे. एवढं सजवलेलं काही तुझ्यासमोर वाचून दाखवण्याचा धीर झाला नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे साधं असतं तरी झाला नसता.

एक गोष्ट मात्र मला त्या पाच वर्षांत खटकली नाही, आणि मी स्वतःला निरीक्षक म्हणवतो. त्या जुलैनंतर तुझ्या घरी मला चहा मिळालेला नाही. बाकी कोणी आलं तर चहा, मी आलो की तू आत हाक मारायचास, "कुंदा, बुद्धिवाद्यासाठी लिंबू सरबत!" जानेवारीतसुद्धा. बाहेर दारातलं बर्फ फावड्याने काढून मी आत यावं आणि तू समोर बर्फ घातलेलं सरबत ठेवावंस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "तुले पित्त हाय ना." मला पित्त नाही. पण मित्राने एवढ्या खात्रीने सांगितलं तर माणूस गोळ्या घ्यायला लागतो. मी घेतल्या.

परवा डेल आले होते. तेरावा होऊन दोन दिवस झाले होते. लाल कोट घालून आले, हातात बटाट्याचं भाजलेलं काहीतरी घेऊन, झाकण लावलेलं. त्यांना ऋजूची ती गाडी हवी आहे. गावाच्या वाचनालयात ठेवायची आहे, खाली तुझ्या नावाची पाटी. वहिनींनी होकार दिला आणि मला फोन केला, "भावजी, गाडी छतावरून उतरवायची आहे, याल का?"

मी गेलो. ऋजू स्टुलावर उभी राहून दोर सोडत होती. सतरा वर्षांची झाली आहे, माझ्याहून उंच. तारा गेल्या. मी खाली गाडी धरून उभा होतो. दोन्ही हात गुंतलेले, चेहरा गाडीआड. बोलायला याहून बरी जागा मिळणार नव्हती. मी म्हणालो, "ऋजू, मला एक सांगायचं आहे. त्या दिवशीची लिंबं बाबाने नव्हती ठेवली."

"आय नो, काका."

"मी ठेवली होती."

"आय नो. आई टोल्ड मी. लाइक, दॅट सेम वीक."

गाडी खाली आली. मी हात झटकत राहिलो, झटकण्यासारखं काही नव्हतं तरी.

"मग तू गॅरेजमध्ये यायचं का सोडलंस?"

तिने माझ्याकडे, मी कधी फार सोपा प्रश्न विचारला की तू पाहायचास, तसं पाहिलं. मग हिरव्या गाडीकडे बोट केलं आणि एक पाय लांब करून तिच्या शेजारी ठेवला. "काका, आय ग्र्यू फोर इंचेस दॅट विंटर. आय डिडन्ट फिट." मग म्हणाली, "अँड देन बाबा टॉट मी ड्रायव्हिंग. सो वी वर इन द व्हॅन. संडेज. ऑल द टाइम."

शनिवारी मी यायचो. रविवारचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

वहिनी सरबत घेऊन आल्या. एकच पेला, माझ्यासाठी. मी पेल्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. ऋजू हसू लागली. "यू नेव्हर गॉट इट? फाइव्ह इयर्स?"

"यांना वाटलं होतं मी ठेवली," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तंबूत स्वतःवर घेतलं. संध्याकाळी मला म्हणाले, कुंदा, असं करायचं नव्हतं. मी म्हटलं, मी नाही बाई, भावजींनी. तर हातातला घास खाली ठेवला आणि हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ऋजू वर रडत होती आणि हे खाली हसत होते. म्हणाले, त्याले सांगू नको. पुण्याचा बुद्धिवादी चाकाखाली लिंबू ठेवते, हे आपल्यालेच माहीत असू दे."

तेवढ्यात वहिनींना रडू आलं. ऋजू त्यांच्याजवळ गेली. मी सरबत प्यालो, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं. साखर कमी होती. तू असतास तर ओरडला असतास, "अजून घे, पित्ताले चांगलं असते."

विलास, मी तुला पाच वर्षं एक गोष्ट सांगितली नाही आणि ती तुला पाच वर्षं माहीत होती. दर शनिवारी तू ती माझ्यासमोर पेल्यात घालून ठेवत होतास. मी ती पीत होतो. याहून पूर्ण कबुली मला देता आली असती असं वाटत नाही. त्या तीन मसुद्यांमध्ये तर नक्कीच नाही. राग एवढाच आहे की त्या हसण्यात मला घेतलं नाहीस. पेला ठेवताना एकदा तरी डोळा मारायचास. मी चिडलो असतो, मग कदाचित हसलो असतो, मग आपण वजनाच्या वादाकडे वळलो असतो. तोही राहिला. मी ऋजूला विचारलं, बाबाने शेवटी वजन कुठे ठेवलं होतं? ती म्हणाली, "इन द बॅक. ही सेड यू वर रॉंग." मग म्हणाली, "ही सेड इट अ लॉट."

आणि 'आय डिड' म्हणालास त्याबद्दल. तू बायकोसाठी म्हणालास हे आता कळलं. सावलीत मी उभा होतो एवढंच. पण ऊन लागलं नाही, हेही खरं आहे. त्याला मराठीत आभार म्हणतात. आपण एकमेकांना कधी तसं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, "काहून बे, बरा हायेस ना?"

मग डेल गाडी न्यायला आले आणि जाताना या वर्षीची नियमावली ठेवून गेले. बारा पानांची झाली आहे. बारावं पान तुझं आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. शर्यतीनंतरच्या हिवाळ्यात त्यांनी तुला ब्रेक तपासायला समितीवर घेतलं, तेव्हा 'लिंबू लावू नये' असा नियम करायचा त्यांचा विचार होता. तू हरकत घेतलीस. लेमन म्हटलं तर लाइम सुटतं, व्याख्या काटेकोर हवी, असं म्हणून तू दोन बैठका घेतल्यास आणि मसुदा स्वतः लिहिलास. नियम सतरा: चाकांखाली, चाकांवर किंवा गाडीच्या कोणत्याही भागात कोणत्याही जातीचं फळ ठेवता येणार नाही. पाटीवर तुझ्या नावाखाली हेच कोरायचं ठरतं आहे. डेलनी हे सांगताना छातीवर हात ठेवला होता.

नियम सतरा झाल्यापासून त्याखाली एकच गाडी बाद झाली आहे. ती पाद्रीबुवांच्या नातवाची होती. सीटखाली केळं सापडलं.